सुटलेली बिडी पुन्हा पेटली तर



हंगाम आटोपला. गव्हाण थंड झाली, यार्डातली पाचट झाडून झाली, टोळ्या आपापल्या गावी पोहोचल्या. हंगामात हा अंक हाती धरायला कोणालाच सवड नसते, हे आम्ही जाणतो. आता चार दिवस निवांत आहेत तोवर एक जुनी बाकी चुकती करतो. आडसाली लागणीची माहिती आणि खतांचे वेळापत्रक पुढच्या पानांवर आहेच.

बाकी अशी. गेल्या उन्हाळ्याच्या अंकात आम्ही बिडी-सिगारेट सोडण्यावर लिहिले होते. लेख बरा झाला असावा, कारण पाच-सहा सभासदांनी गट ऑफिसात येऊन 'वाचला' असे आवर्जून सांगितले. मग डिसेंबरात एके दिवशी आमच्या गटातले एक जुने सभासद आले. वय साठीच्या आसपास. नाव सांगत नाही, तात्या म्हणू. उसाच्या नोंदीचे विचारायला आले होते, पण काम झाले तरी उठेनात. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले,

"सायेब, तुमचं वाचून सोडली हुती. सात महिनं शिवलो न्हाई. धाकटीच्या लग्नात हळदीच्या रात्री पाव्हण्यानं फुडं केली, एक वढली. आता रोजचा कट्टा हाय. पयल्यापरीस जास्तच. तुमचा लेख फुकट गेला बगा."

त्यांना काय उत्तर दिले ते पुढे सांगू. पण त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, हे खरे. लेख फुकट गेला नव्हता, तो अर्धा होता. बिडी कशी सोडावी हे लिहिले होते. सुटलेली बिडी पुन्हा तोंडाला लागली तर काय करावे, यावर एक ओळ नव्हती. बरे, ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती असेही नाही. चांगली ठाऊक होती. लिहायची लाज वाटली. 'आम्ही सोडली' एवढे लिहिले. किती वेळा सोडली, ते लिहिले नाही.

यार्डातली रात्र

आम्ही बिडीला लागलो ते विसाव्या वर्षी, फडावर स्लिपबॉयचे काम करताना. थंडीत पहाटे तीनला फडात जायचे, मजूर मंडळी वाढ्यांची शेकोटी करून बसलेली, बिडी हातोहात फिरायची. पुढे शेती खात्यात क्लार्क झालो तोवर दिवसाला दीड कट्टा झाला होता.

२ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. ऑफिसात पाटी लागली, दोनशे रुपयांपर्यंत दंड. बिडीसाठी दर तासाला उठून गेटबाहेर जायचे आम्हांलाच कसेसे वाटू लागले. म्हटलं, होऊन जाऊ दे. पुढच्याच आठवड्यात दसरा होता. सोने वाटून झाल्यावर उरलेला कट्टा चुलीत टाकला.

मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचा ताबा घेतला. बाबांनी बिडी ओढली नाही की त्या तारखेवर तांबड्या पेन्सिलीने फुली. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. डोके दुखायचे, अन्नावरून उगाच राग यायचा, हात खिशाकडे जायचा. दोन-तीन आठवड्यांनी उतार पडला. ऑक्टोबर संपला, नोव्हेंबर भरला, डिसेंबर पूर्ण तांबडा झाला. आम्ही कॅलेंडरकडे पाहुण्यांचे लक्ष जाईल अशा बेताने खुर्ची मांडू लागलो!

आणि मग जानेवारी. २००९ चा. रात्री अकराच्या सुमारास बगॅसच्या कॅरिअरची साखळी तुटली आणि गाळप थांबले. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत. ऊस वाळला की वजन घटते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे. आणि घटले की माणूस बोलणार कोणाला? टोकनच्या खिडकीत जो बसला असेल त्याला. त्या रात्री खिडकीत आम्ही होतो. दोन वाजेपर्यंत बोलणी खाल्ली. त्यांतली निम्मी रास्त होती.

शेवटी एका गाडीवानाला दया आली. त्याने शेकोटीजवळ बोलावले, चहा दिला, आणि चहाबरोबर न विचारता बिडी. त्याचा काही दोष नाही. त्या वेळी यार्डात माणूस माणसाला दुसरे काय देणार?

ओढली. चव काही लागली नाही. डोके गरगरले, ठसका लागला. तीन महिन्यांत अंगाची सवय मोडली होती ती अशी. तेथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची पाळी येती ना. पण पहाटे मोटारसायकलवरून घरी जाताना डोक्यात एकच शब्द घुमत होता: मोडलं. तीन महिन्यांचे सारे मोडले. आपल्या हातून व्हायचे नव्हतेच ते. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार, तो फार शहाणा वाटला: मोडलेच आहे तर आता पाडव्यापासून नव्याने धरू. पाडव्याला अडीच महिने होते. टपरी नुकतीच उघडत होती. कट्टा घेतला.

घरी पोहोचलो तर मुलगी शाळेला निघालेली. जाता जाता कालच्या तारखेवर फुली मारून गेली. आम्ही काही बोललो नाही.

पाच आठवडे असे चालले. ती फुल्या मारत होती आणि आम्ही गोठ्यामागे, उसाच्या बांधावर, कोठेही लपून ओढत होतो. एकदा वाळल्या पाचटात थोटूक पडले. पायाने विझवता विझवता चप्पल करपली. शेजाऱ्याच्या फडाला लागते तर जळिताची कपात त्या बिचाऱ्याच्या बिलातून गेली असती आणि कारण कोणाला कळले नसते. मग एका रात्री फुली पडली नाही. पेन्सिल फळीवर ठेवलेली दिसली. कोणी तिला सांगितले नव्हते. वास लपत नाही. तिने विचारलेही नाही. विचारले असते, रडली असती, तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

पाडवा आला आणि गेला. मग आषाढीला सोडू, मग दसऱ्याला, मग मुलीच्या वाढदिवसाला. सगळे मुहूर्त झाले. एका बिडीची अडीच वर्षे झाली.

एकादशी मोडली म्हणून

अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लट नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. सुटलेले व्यसन माणसाला पुन्हा का गाठते, याचाच त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १९८५ साली ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी या विषयावर एक मोठे पुस्तकही काढले. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे की, पाय घसरणे वेगळे आणि गडगडत तळाला जाणे वेगळे. पहिल्या बिडीने फक्त पाय घसरतो. तळाला ढकलतो तो त्यानंतरचा विचार: आपण नालायक, आपल्यात दमच नाही, आता सगळे संपले. माणूस स्वतःला जेवढा दोष देतो तेवढा त्याचा जीव जळतो, आणि जळत्या जिवाला शांत करायचा त्याच्याजवळ एकच जुना उपाय असतो, तो म्हणजे बिडी.

आपल्याकडे हे एकादशीला पाहायला मिळते. सकाळी विसरून कोणी शेवेची चिमूट तोंडात टाकतो. मग म्हणतो, मोडलीच एकादशी, वाढा आता भाकरी. चिमूटभर शेवेने जेवढे मोडले नव्हते तेवढे भाकरीने मोडते. पण उसाला पाणी पाजताना हाच माणूस असे करीत नाही. रात्री दारे धरताना एखादी सरी फुटली, तर 'फुटलीच आहे, आता सगळे पाणी जाऊ दे ओढ्याला' असे म्हणून तो घरी जाऊन झोपत नाही. चिखलाचे चार फावडे टाकतो आणि पाणी पुन्हा सरीला लावतो. सरी का फुटली, उंदराचे बीळ होते की बांध कच्चा होता, ते सकाळी बघतो.

यात शरीराचाही भाग आहे, नुसत्या मनाचा नाही. बिडीतले निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि तेथून मेंदूत दहा-वीस सेकंदांत पोहोचते. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या मेंदूत हे निकोटिन पकडणाऱ्या जागा वाढून बसलेल्या असतात. बिडी बंद केली की त्या उपाशी राहतात. पहिले दोन-तीन दिवस त्यांचा आकांत सर्वांत जास्त असतो, आणि तीन-चार आठवड्यांत बराच निवळतो. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांची पहिली घसरण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच होते ती यामुळे. सात महिन्यांनी तात्यांना लागली ती भूक शरीराची नव्हती. ती हळदीच्या रात्रीची, पाव्हण्याच्या पुढे केलेल्या हाताची आणि जुन्या सवयीची होती. पण एकीच्या पाठोपाठ रोज कट्टा सुरू झाला की शरीराची भूकही परत जागी होते. म्हणून घसरल्यावर घाई करायची ती येथे. एक बिडी झाल्यावर थांबणे सोपे, आठ दिवस ओढल्यावर अवघड, आणि अडीच वर्षांनी, आमच्यासारखे, पुन्हा पहिल्यापासून.

आणि जे दिवस बिडीवाचून गेले ते कोठे जात नाहीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातून एक-दोन दिवसांत उतरतो. पुढे महिनोन्‌महिने फुप्फुस आपली डागडुजी करीत असते. ती एका बिडीने पुसली जात नाही. तात्यांच्या छातीने सात महिने विसावा घेतला तो घेतलाच.

काही सभासद म्हणतात, सिगारेट वाईट, बिडी आपली हलकी. निपाणीची तंबाखू आणि जंगलातले तेंदूपान, त्यात काय असते? बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूचे पान घट्ट, त्यातून हवा येत नाही, आणि ओढत राहिले नाही तर बिडी विझते. म्हणून माणूस झुरके जास्त आणि खोल मारतो. परिणामी डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त पोटात जाते. २००८ साली आपल्या देशातल्या मृत्यूंची एक मोठी पाहणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीत बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी घटलेले दिसले.

'आता साठीला सोडून काय मिळवायचे?' असेही तात्यांनी विचारले होते. त्याचे उत्तर ब्रिटनमध्ये आहे. तेथे १९५१ पासून खुद्द डॉक्टरांचीच पन्नास वर्षे पाहणी झाली आणि २००४ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. साठीला सिगारेट सोडणाऱ्यांनाही, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३ वर्षांचे आयुष्य जास्त मिळाले. पन्नाशीला सोडणाऱ्यांना ६ वर्षे. तीन वर्षे म्हणजे एक लागण आणि वर दोन खोडवे!

दुसऱ्या खेपेस

२०११ च्या जूनमध्ये आम्ही दुसऱ्यांदा बिडी सोडली. त्या दिवशी कसलाही मुहूर्त नव्हता. मंगळवार होता की बुधवार, तेही आठवत नाही. पाऊस सुरू झाला, कट्टा भिजला, नवा घेतला नाही. कॅलेंडरचे नाव आम्ही काढले नाही. पंधरा दिवसांनी पाहतो तो तारखांवर फुल्या. किती दिवसांपासून, ते मुलीलाच ठाऊक.

पुढच्या फेब्रुवारीत आमचे थोरले चुलते वारले. चाळीस वर्षे बिडी ओढली होती त्यांनी. शेवटची दोन वर्षे ओट्यावरून गोठ्यापर्यंत जाताना मध्ये दोनदा बसावे लागे. त्यांना अग्नी दिला आणि मंडळी बाजूला बाभळीखाली उभी राहिली. कोणी कट्टा काढला. ज्याने चुलते गेले तेच हातात घेऊन आम्ही तेथे उभे होतो, आणि हे कळत असूनही ओढत होतो. दोन ओढल्या. ज्याला यात नवल वाटते त्याने कधी बिडी सोडून पाहिलेली नाही.

पण या खेपेस एक गोष्ट निराळी केली. घरी आलो, आंघोळ केली आणि मंडळींना सांगून टाकले.

"अहो, मग? किती?"

"दोन."

"खिशात आहे का अजून?"

"नाही. घेतला नाही."

"मग आता घेऊ नका," एवढे बोलून त्या पिठल्याला फोडणी द्यायला वळल्या. मुलगी सातवीत होती. उठून भिंतीकडे गेली आणि त्या तारखेवर फुलीऐवजी एक गोल काढला. म्हणाली, "उद्या फुली." दुसऱ्या दिवशी फुली पडली.

बाकी जे केले ते बारीकसारीक आहे, पण कामाला आले म्हणून सांगतो. डायरीत लिहून काढले: कोठे ओढली, किती वाजता, कोणाबरोबर, त्याआधी काय झाले होते. यार्डातल्या रात्रीचेही आठवून लिहिले. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसले की दोन्ही वेळा आम्ही थकलेले होतो, उपाशी होतो, मनाला लागलेले होते, आणि बिडी मागितली नव्हती, कोणीतरी पुढे केली होती. 'नको' म्हणायला शब्दच तयार नव्हता. मग तो तयार केला. "डॉक्टरांनी बंद केली" असे म्हटले की आपल्याकडे कोणी पुढे आग्रह करीत नाही. थोडे खोटे आहे, पण चालते.

चहा आणि बिडी यांची जोडी तोडायला जास्त वेळ लागला. काही महिने टपरीवर उभ्याने चहा घ्यायचे बंद केले, खिडकीत बसूनच घेतला. खिशात कट्ट्याच्या जागी फुटाणे आणि लवंग. तलफ आली की ती डोक्यावर बसणार असे वाटते, पण घड्याळ लावून पाहा, तीन ते पाच मिनिटांत तिचा जोर ओसरतो. तेवढ्यात यार्डाला एक फेरी होते. रात्रपाळीला निघण्यापूर्वी पोटभर जेवण. हे शेवटचे आमच्या मंडळींनी लावून धरले, आणि खरे सांगतो, सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

नंतर पुन्हा कधीच नाही, असे लिहिले असते तर बरे दिसले असते. २०१४ साली जत्रेत, तमाशाच्या तंबूबाहेर, दोन झुरके मारले. घरी सांगितले. गोल. दुसऱ्या दिवशी फुली. त्यानंतर मात्र आजतागायत नाही.

थोडे घरच्यांसाठी

घसरलेला माणूस घरात येतो तेव्हा तो अगोदरच अर्धमेला झालेला असतो. 'आम्हांला माहीत होतं तुमच्याच्यानं व्हायचं नाही' हे वाक्य त्या वेळी ऐकवू नये. ते त्याने स्वतःला वाटेतच दहा वेळा ऐकवलेले असते. 'जाऊ द्या, एकीनं काय होतं' असेही म्हणू नये. किती ओढल्या, शिल्लक कोठे आहेत आणि आज संध्याकाळी काय करायचे, एवढेच विचारावे. शिल्लक असतील त्या त्याच्याच हाताने पाण्यात टाकाव्यात. पोरांना बिडी आणायला टपरीवर पाठवायची जुनी पद्धत अजूनही काही घरांत आहे, ती तर आधी बंद करावी. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

एक जुनी लबाडी आमच्या गटात फार पाहतो. बिडी सोडली म्हणून सांगायचे आणि चुना-तंबाखूची डबी खिशात ठेवायची. किंवा मिश्रीने दात घासणे वाढवायचे. निकोटिन तेच, फक्त वाट बदलली, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वर. याला आम्ही सोडणे म्हणत नाही. 'दिवसाला दोनच ओढीन' या बेताबद्दलही आमचे मत वाईट आहे. ज्यांना तो जमला असे पुष्कळ भेटले, पण वर्षभराने पुन्हा विचारले तेव्हा एकालाही जमलेला नव्हता. आणि दारूच्या बैठकीत बसून बिडीला नाही म्हणणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. पहिले दोन-तीन महिने त्या बैठकीलाच जाऊ नये, मित्र रागावले तरी चालतील.

आम्ही हे सारे नुसत्या हट्टावर केले, कारण दुसरे काही माहीत नव्हते. तुम्ही तसे करण्याचे कारण नाही. औषधांच्या दुकानात निकोटिनचा च्युइंगगम मिळतो. नेहमीच्या गमसारखा तो सारखा चघळायचा नसतो, नाहीतर मळमळते आणि उचकी लागते. सावकाश चावावा, जिभेला झिणझिण लागली की गालात दाबून ठेवावा, झिणझिण गेली की पुन्हा चावावा. आधीच्या पंधरा मिनिटांत आणि तोंडात गम असताना चहा घेऊ नये, त्याने औषध नीट भिनत नाही. हृदयाचे दुखणे असेल, किंवा घरात गरोदर बाई बिडी-मिश्री सोडत असेल, तर अगोदर डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्याही आहेत. शिवाय सरकारने २०१६ पासून तंबाखू सोडणाऱ्यांसाठी फोनची सोय केली आहे. नंबर १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून हाच नंबर छापतात. पलीकडचा माणूस सल्ला देतो आणि पुढे स्वतः फोन करून चौकशीही करतो. एकदा सोडून पुन्हा लागली, असे त्याला सांगायला लाजू नये. त्याला येणाऱ्या फोनांत तेच ऐकावे लागते.

आता तात्यांचे. त्या दिवशी गट ऑफिसात आम्ही त्यांना यार्डातली रात्र सांगितली, पेन्सिलीचेही सांगितले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मंग संक्रांतीपासनं सोडतो."

"तात्या, संक्रांत नको. खिशात किती आहेत?"

त्यांनी कट्टा काढून टेबलावर ठेवला. नऊ होत्या. "हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गेले. आम्ही त्या पाण्यात टाकल्या. शिपाई हळहळला.

जानेवारीच्या मध्यावर ते पुन्हा आले. चेहऱ्यावरून काही कळेना. विचारले, "किती दिवस झाले?"

"कालच्या धरून एकवीस. मदी एक दिवस तीन वढल्या, त्यो धरला न्हाई."

"म्हणजे मोजणी पहिल्यापासून सुरू केलीत?"

"का म्हून? मागलं सात महिनंबी धरल्यात की. खोडव्याला कुणी नवं बेणं लावतं व्हय?" आणि टोपी सारखी करीत म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. आमची तोड कंदी?"

"टोळी पलीकडच्या शिवारात आहे, तात्या. शेती खात्याला विचारून सांगतो."

"तुमीच की वो शेती खातं," तात्या म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.